ट्रॅक्टरचा ॲक्सल आणि ताशी २९६ किमी: बर्ट मन्रो यांची गोष्ट

फोन हँग व्हायला लागला की आपण सरळ नवा बघतो. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो (१८९९–१९७८) यांनी मात्र १९२० ची एकच बाईक आयुष्यभर अपग्रेड केली.

बाईकचं नाव 'इंडियन स्काउट', पण कंपनी अमेरिकन. इंजिन ६०० सीसी, टॉप स्पीड जेमतेम ताशी ९० किमी. रेसिंगचे पार्ट घ्यायला पैसे नव्हते. मग त्यांनी शेडमध्ये, जुन्या डब्यांचे साचे करून पिस्टन ओतले. सिलिंडरसाठी गॅसचे बिडाचे पाईप वापरले.

खरी परीक्षा होती कनेक्टिंग रॉडची. पिस्टनचा जोर क्रँकशाफ्टपर्यंत नेणारा हा दांडा प्रत्येक फेरीत दाबला जातो, ताणला जातो. तो तुटला की इंजिन फुटलंच म्हणून समजा. मन्रोंनी तो कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून हाताने घडवला. तरीही इंजिन अनेकदा फुटलं. तुटलेले पार्ट ते फळीवर मांडून ठेवत आणि पुन्हा कामाला लागत.

१९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी १००० सीसीखालच्या गटात रेकॉर्ड केला. तोवर इंजिन ९५० सीसीचं झालं होतं.

गंमत म्हणजे जाता-येताच्या वेगाची सरासरी तेव्हा चुकीची काढली गेली होती. ही चूक पुढे त्यांच्या मुलाने पकडली आणि २०१४ मध्ये रेकॉर्ड दुरुस्त झाला: ताशी २९६.२६ किमी. म्हणजे शेडमधलं इंजिन बरोबर होतं, हिशोबच चुकला होता!