धोंडो केशव कर्वे

धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे (१८ एप्रिल १८५८ – ९ नोव्हेंबर १९६२) हे समाजसुधारक, गणिताचे प्राध्यापक आणि भारतातील पहिल्या महिला विद्यापीठाचे संस्थापक होते. ते महर्षी कर्वे या नावाने ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

कर्वे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. बालपण दापोली तालुक्यातील मुरूड येथे गेले. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते साताऱ्यापर्यंत पायी गेले. परंतु वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी.ए. झाले. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते.

सामाजिक कार्य

पहिल्या पत्नी राधाबाई यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याबद्दल मुरूडमध्ये त्यांच्यावर बहिष्कार घालण्यात आला. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो पुण्याजवळ हिंगणे येथे नेण्यात आला. १९०७ मध्ये त्यांनी महिला विद्यालय सुरू केले.

महिला विद्यापीठ

तत्कालीन विद्यापीठांत उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते, त्यामुळे फारच थोड्या स्त्रिया पदवीपर्यंत पोहोचत. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचल्यावर कर्वे यांनी १९१५ च्या अखेरीस मुंबईतील सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून अशा विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या महाविद्यालयात पाच विद्यार्थिनी होत्या. माध्यम मातृभाषा होते, तर इंग्रजी हा आवश्यक विषय होता. पदवीला गृहीतागमा असे नाव देण्यात आले.

या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. तरीही कर्वे यांनी माध्यम बदलले नाही. लोकांच्या वर्गणीवर संस्था चालवली आणि निधीसाठी देशात व परदेशांत प्रवास केला. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. कायदेशीर मान्यता १९५१ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ३५ वर्षांनी मिळाली.

मूल्यमापन

गृहजीवनाला पूरक विषयांवर भर देणाऱ्या अभ्यासक्रमामुळे स्त्रियांच्या पारंपरिक भूमिकेलाच बळ मिळते, अशी टीका या विद्यापीठावर झाली. मात्र विद्यापीठाचे काम केवळ नोकरीयोग्य पदवीधर घडवण्याचे नसून शिक्षणापासून वंचित राहिलेल्या समाजघटकापर्यंत ज्ञान त्याच्या भाषेत पोहोचवण्याचे आहे, हा विचार कर्वे यांनी प्रत्यक्षात आणला.

सन्मान

कर्वे यांना १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न प्रदान करण्यात आले. पुणे येथे त्यांचे निधन झाले.