अडतीस विकलांची तफावत

बँकेत खतावण्या हाताने लिहायचे दिवस होते. ताळा जुळला नाही की आम्ही रात्र रात्र बसून राहून गेलेली नोंद शोधत असू. चूक बेरीज करण्याच्या रीतीत असेल, असे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. उर्बें लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाचे आयुष्य वाचताना मला त्या रात्री आठवतात.

लव्हेरिएचा जन्म १८११ चा, नॉर्मंडीतल्या सँ-लो गावचा. आधी तो रसायनशास्त्रात रमला होता. पुढे खगोलशास्त्रातली जागा मिळाली आणि तो आकाशाकडे वळला. त्या काळी युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. इतक्या दूरवर गुरुत्वाकर्षणाचा नियम तसाच लागू पडतो का, अशी शंका काही जाणत्यांनाही येऊ लागली होती. लव्हेरिएने मात्र नियमावर भरवसा ठेवला. युरेनसला ओढणारा आणखी एक ग्रह असणार असे मानून त्याने त्याची जागा कागदावर काढली. त्याचे पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत पोहोचले. त्याच रात्री योहान गाल याने दुर्बीण लावली आणि सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला! एवढे यश पदरात पडल्यावर माणसाने नियमावर शंका घ्यावी तरी कशी?

पुढे त्याने बुधाचा हिशेब मांडला. बुधाच्या कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू सरकतो. इतर ग्रहांची ओढ जमेस धरूनही शंभर वर्षांत ३८ विकला शिल्लक उरत होत्या. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. लव्हेरिएने १८५९ मध्ये पुन्हा तोच उपाय केला. बुधाच्याही आत कोणी अज्ञात असणार!

त्याच वर्षी ऑर्जेर या खेड्यातल्या लेकारबो नावाच्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून सरकणारा ठिपका पाहिल्याचे कळवले. लव्हेरिए त्याच्या घरी जाऊन थडकला आणि त्याची उलटतपासणी घेतली. हा डॉक्टर सुतारकामही करी. आकडेमोड लाकडी फळीवर करायची आणि फळी भरली की रंधा मारायचा! लव्हेरिएची खात्री पटली. ग्रहाला व्हल्कन हे नाव मिळाले, डॉक्टरला सरकारी सन्मान मिळाला. ग्रह मात्र पुन्हा कोणाला निर्विवाद दिसला नाही.

लव्हेरिएचा स्वभाव इतका तापट होता की सहकाऱ्यांच्या तक्रारींमुळे १८७० मध्ये पॅरिस वेधशाळेचे संचालकपद गेले. तीन वर्षांनी ते परत मिळाले. २२ मार्च १८७७ ला व्हल्कन सूर्यासमोर येऊ शकेल, असे त्याने सांगितले होते. जगभर दुर्बिणी रोखल्या गेल्या. काही दिसले नाही. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, नेपच्यूनच्याच तारखेला, तो वारला.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने आपल्या नव्या सिद्धांताने बुधाची कक्षा काढली. तोवर ती तफावत ४३ विकलांवर सुधारली गेली होती. आइन्स्टाइनच्या उत्तरात त्या आपोआप आल्या. कोणताही नवा ग्रह मिळवावा लागला नाही.