घटक ४ : नाम जून पैक – दूरचित्रवाणीच्या पडद्याचा कलावंत

४.१ प्रास्ताविक

चित्रकाराला रंग आणि फलक लागतो, शिल्पकाराला दगड किंवा धातू लागतो. दूरचित्रवाणीचा पडदाही असेच कलेचे माध्यम होऊ शकतो, हा विचार ज्यांनी रुजविला त्यांत नाम जून पैक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. व्हिडिओ कलेचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या जीवनकार्याचा परिचय करून घेणार आहोत. हा घटक वाचताना दोन प्रश्न मनाशी बाळगावेत. एकतर्फी बोलणाऱ्या पडद्याला प्रेक्षकाशी संवाद साधायला लावता येतो काय? आणि आयुष्याचा मोठा काळ परदेशात घालविणाऱ्या कलावंताचे आपल्या देशाच्या कलेतिहासात स्थान कोणते?

४.२ जन्म, शिक्षण व स्थलांतर

पैक यांचा जन्म २० जुलै १९३२ रोजी सेऊल येथे झाला. त्या वेळी कोरिया जपानच्या अमलाखाली होता. वडील कापड उद्योगातील मोठे कारखानदार होते. घरात सुबत्ता असल्याने लहानपणीच त्यांना पियानोचे शिक्षण मिळाले. १९५० मध्ये कोरियात युद्ध भडकले आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. पुढे ते जपानमध्ये स्थायिक झाले. टोकियो विद्यापीठात पैक यांनी सौंदर्यशास्त्र, संगीत व कलेतिहास यांचा अभ्यास केला आणि संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांच्यावर प्रबंध लिहून १९५६ मध्ये पदवी घेतली.

त्याच वर्षी ते पश्चिम जर्मनीला गेले. तेथे १९५८ मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची भेट झाली. आकस्मिक घडणाऱ्या गोष्टी आणि साधे आवाज यांनाही संगीतात स्थान आहे, ही केज यांची भूमिका पैक यांच्या मनावर खोलवर ठसली. कला आणि दैनंदिन जीवन यांतील भिंत पाडू पाहणाऱ्या 'फ्लक्सस' या चळवळीतही ते सामील झाले.

४.३ पडद्याचा शोध

मार्च १९६३ मध्ये वुपरटाल या जर्मन शहरातील पारनास कलादालनात पैक यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्यात ध्वनी निर्माण करण्यासाठी बदललेल्या पियानोंबरोबर दूरचित्रवाणी संचही मांडले होते. या संचांच्या अंतर्गत जोडण्या बदलून पडद्यावरील प्रतिमा वाकविल्या होत्या. एका संचाला ध्वनिग्राहक जोडलेला होता. प्रेक्षक बोलला की पडद्यावरील रेषा हलत असत. एका संचात बिघाड झाल्याने केवळ एक रेघ उरली होती. पैक यांनी तो संच आडवा करून रेघ उभी केली आणि त्या बिघाडालाच कलाकृतीचे रूप दिले. जे यंत्र घराघरांत केवळ ऐकवीत आणि दाखवीत होते, ते येथे प्रथमच पाहणाऱ्याच्या कृतीला प्रतिसाद देत होते. या प्रदर्शनाचे महत्त्व याच गोष्टीत आहे.

१९६४ मध्ये पैक न्यूयॉर्कला आले. चेलोवादक शार्लोट मूरमन यांच्यासमवेत त्यांनी अनेक प्रयोग सादर केले. १९६५ च्या एका कृतीत त्यांनी दूरचित्रवाणी संचावर मोठे लोहचुंबक ठेवले. ते सरकविले की पडद्यावरील आकृती बदलत असे. जपानी अभियंता शुया आबे यांच्या साहाय्याने त्यांनी प्रतिमांचे रंग व आकार बदलणारे यंत्र तयार केले. १९७० मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रावरून त्याचा वापर करून चार तासांचे थेट प्रक्षेपण करण्यात आले. १९७३ च्या 'ग्लोबल ग्रूव्ह' या चित्रफितीत त्यांनी निरनिराळ्या देशांतील नृत्य व संगीत एकमेकांत गुंफले.

१९७४ मधील 'टीव्ही बुद्ध' ही त्यांची सर्वांत परिचित कृती होय. बुद्धमूर्तीसमोर एक संच आणि कॅमेरा ठेवलेला आहे. मूर्ती पडद्यावर स्वतःचीच प्रतिमा अखंड पाहत राहते. ध्यान आणि आत्ममग्नता यांतील अंतर किती सूक्ष्म आहे, हे या साध्या मांडणीतून जाणवते.

४.४ उपग्रह आणि मायदेश

जॉर्ज ऑरवेल यांनी '१९८४' या कादंबरीत पडद्याला माणसावर पाळत ठेवणारे साधन म्हणून रंगविले होते. ते वर्ष प्रत्यक्ष उजाडताच, १ जानेवारी १९८४ रोजी, पैक यांनी 'गुड मॉर्निंग, मिस्टर ऑरवेल' या कार्यक्रमाद्वारे न्यूयॉर्क व पॅरिस ही शहरे उपग्रहाने जोडली. थेट प्रक्षेपणात तांत्रिक अडथळे आले, तरी कार्यक्रम कोरियातही पोहोचला. त्याच वर्षी, ३४ वर्षांनंतर, पैक यांनी मायदेशात पाऊल ठेवले.

१९८६ मध्ये 'बाय बाय किपलिंग' हा दुसरा उपग्रह कार्यक्रम झाला. पूर्व आणि पश्चिम यांची भेट होणे नाही, हा किपलिंग यांच्या नावाशी जोडला गेलेला विचार खोडून काढणे हा त्याचा उद्देश होता. हे किपलिंग आपल्या मुंबईतच १८६५ मध्ये जन्मले होते आणि त्यांचे वडील जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९८८ च्या सेऊल ऑलिम्पिकच्या वर्षी ग्वाचॉन येथील राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात पैक यांनी १८.५ मीटर उंचीचा मनोरा उभारला. त्यात १,००३ संच आहेत. ही संख्या ३ ऑक्टोबर या कोरियाच्या राष्ट्रस्थापनादिनाची सूचक आहे. राष्ट्राची आठवण दगडाऐवजी बदलत्या प्रकाशप्रतिमांत मांडण्याचा हा प्रयत्न होता. १९९३ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात जर्मनीच्या दालनासाठी हान्स हाके यांच्यासह पैक यांना सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये तेथे कोरियाचे स्वतंत्र दालन उभे राहिले, त्यामागेही त्यांचा आग्रह होता. देश सोडावा लागलेल्या या कलावंताने आपल्या देशाला जागतिक कलेच्या नकाशावर जागा मिळवून दिली.

४.५ अखेरची वर्षे व वारसा

१९९६ मध्ये पैक यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही त्यांनी काम थांबविले नाही. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन झाले. २९ जानेवारी २००६ रोजी मायामी येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात एक कठीण प्रश्न उभा राहिला. ग्वाचॉनचा मनोरा २०१८ मध्ये जुन्या संचांमुळे बंद करावा लागला. जुन्या काचनळीचे संच आता कोणी बनवीत नाही. सर्व संच बदलले तर कृतीचे मूळ रूप हरपते. न बदलले तर ती अंधारातच राहते. अखेर ७३७ जुने संच दुरुस्त करून वा तशाच जुन्या संचांनी बदलून राखले गेले, उरलेल्या २६६ जागी सपाट पडदे बसविले गेले आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. चित्राचे रंग उडाले तरी चित्र उरते. वीज आणि यंत्र यांवर उभी असलेली कला मात्र प्रत्येक पिढीला नव्याने जिवंत ठेवावी लागते. कलेच्या इतिहासकाराची जबाबदारी त्यामुळे वाढली आहे.

४.६ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. वुपरटाल येथील प्रदर्शनात प्रेक्षकाची भूमिका कशी बदलली, ते स्पष्ट करा.
२. ग्वाचॉन येथील मनोऱ्यातून राष्ट्रीय स्मृती कशी व्यक्त होते?
३. यंत्राधारित कलाकृतीच्या जतनात मूळ रूप महत्त्वाचे की तिचे चालू राहणे? आपले मत सकारण लिहा.