खासदारकी वापस करणारे लाल श्याम शाह

धानोरा : रोवणी आटोपली की चार-आठ दिवस हाताला उसंत भेटते. अशा वेळी गावच्या ग्रुपवर राजकारणाच्या गोष्टी जोरात चालतात. मागच्या हप्त्यात एका पोरानं विचारलं, खासदार नेमकं काय करत असते? कोणी म्हटलं निधी आणते, कोणी म्हटलं शिफारसपत्र देते, कोणी म्हटलं लग्नाला येऊन फोटो काढून जाते. सारे हसले आणि विषय संपला. पण माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण मुरुमगावच्या पलीकडच्या एका माणसानं आपल्याच चांदा मतदारसंघाची खासदारकी जिंकली होती आणि मुदत संपायच्या आधीच ती वापस करून टाकली होती. जुन्या लोकांना त्यांचं नाव माहीत आहे. नवीन पोरांना नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

नाव लाल श्याम शाह. लोक त्यांना महाराज म्हणत. गाव पानाबरस. गडचिरोलीहून धानोरा, मुरुमगाव असा जो रस्ता पूर्वेकडं जातो तो सीमा ओलांडून मानपूर-मोहल्याच्या मुलखात शिरतो. पानाबरस तिथलंच. आज तो भाग छत्तीसगडात येतो आणि आपल्याला परका वाटतो, पण तसा तो परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी इकडचा चांदा आणि तिकडचा दुर्ग जिल्हा, दोन्ही एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मग राज्यांची फेररचना झाली. चांदा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. पानाबरस तिकडंच राहिलं. नकाशावर रेघ पडली, पण सोयरीक कशी तुटणार? गोंडी तीच, देव तेच, जंगलही तेच. आजही धानोरा-कोरची भागातल्या घराघरात सीमेपलीकडचा जावई नाही तं सून आहे.

शाह हे गोंड जमीनदार घराण्यातले. जमीनदार म्हटलं की चाबूक घेतलेला माणूस डोळ्यासमोर येते. ते सिनेमामुळं. इकडच्या जमीनदाऱ्यांत शेतीपेक्षा जंगल जास्त होतं. जमीनदाराला सरकारात टाकोळी भरावी लागे आणि रयतेला जंगलातून नांगराचं, बंडीचं, घराचं लाकूड, गवत, मोहफूल, चारोळी भेटत असे. याला निस्तार म्हणत. सारं गोड होतं असं मी म्हणत नाही, वेठबिगारही होतीच. पण जंगलात जाणारा माणूस चोर ठरत नव्हता.

१९५१ मध्ये मध्य प्रदेशात जमीनदाऱ्या संपल्या. जमीनदारांचं जंगल सरकारजमा झालं. शाह यांची जमीनदारीही गेली. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. जमीनदारी गेली म्हणून हळहळत बसणारे तेव्हा खूप होते. शाह यांचं भांडण वेगळं होतं. जमीनदाराचं जंगल लोकांचं व्हायच्या ऐवजी वनखात्याचं झालं, कूप पडू लागले, ठेकेदार आले, ट्रक आले. ज्या सागाला गावच्या माणसानं हात लावला तर केस, तोच साग लिलावात उभाच्या उभा जाऊ लागला. हे त्यांना सहन होईना. ते गावोगाव फिरू लागले. बहुतेक पायीच, कारण तेव्हा या भागात बंडीवाट होती तोच मोठा रस्ता.

मध्य प्रदेशच्या विधानसभेवर ते अपक्ष म्हणून निवडून गेले आणि तिथूनही राजीनामा देऊन बाहेर पडले. म्हणजे खुर्ची सोडणं हे त्यांचं एकदाचं नव्हतं. गोंडवाना वेगळं राज्य व्हावं या मागणीतही ते होते. १९६० च्या ऑक्टोबरात रायपूरला काँग्रेसच्या महासमितीची बैठक भरली. खुद्द पंतप्रधान नेहरू येणार होते. शाह यांनी हजारो आदिवासी घेऊन रायपूर गाठलं. आता विचार करा, तेव्हा ना फोन, ना गाड्या. निरोप बाजारात जायचा. हाटाला आलेला माणूस आपल्या गावात सांगे, तिथून पुढच्या गावात. त्यावर विश्वास ठेवून लोक घरचा तांदूळ बांधून निघत. आज आपण एका मेसेजमध्ये हजार लोकांना सांगतो आणि ग्रामसभेला वीस जण येतात.

मग १९६२ ची लोकसभा निवडणूक आली आणि शाह चांद्यातून उभे राहिले. राज्य दुसरं असलं तरी लोकसभेला दुसऱ्या राज्यातला मतदार उभा राहू शकते, कायद्यात तशी सोय आहे. चांदा मतदारसंघ म्हणजे आजच्या गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांचा मुलूख. गडचिरोली जिल्हा तर १९८२ ला झाला. काँग्रेस तेव्हा किती मजबूत होती हे सांगायला एकच गोष्ट पुरे. त्याच १९६२ च्या नोव्हेंबरात चांद्याचेच मारोतराव कन्नमवार राज्याचे मुख्यमंत्री झाले. अशा जिल्ह्यात लोकांनी दिल्लीला पाठवला तो कोणत्याच पक्षाचा नसलेला माणूस. त्या आधीच्या निवडणुकांत दर उमेदवाराची वेगळी पेटी असायची. ६२ ला एकाच कागदावर चिन्हं आली आणि शिक्का मारायची पद्धत सुरू झाली. ज्यांनी आयुष्यात कागद हातात धरला नव्हता त्यांनी चिन्ह ओळखून शिक्का मारला आणि आपला माणूस निवडून आणला.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येतो. खासदार काय करते? आज खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असते. त्यातून सभामंडप होते, रस्त्याचा तुकडा होते, आणि आपण त्यावरूनच माणूस मोजतो. पण ही योजना सुरू झाली १९९३ ला. १९६२ च्या खासदाराकडं वाटायला एक रुपयाही नव्हता. त्याच्याकडं होतं फक्त तोंड. लोकांचं म्हणणं सभागृहात मांडायचं, मंत्र्याला पत्र लिहायचं, प्रश्न विचारायचा, आणि वापस येऊन दिल्लीत काय झालं ते लोकांना सांगायचं. यातला शेवटचा भाग आपण सारे विसरलो. जाणं दिसते, वापस येऊन सांगणं दिसत नाही.

शाह यांच्यासाठी हा वापस येण्याचा भागच मोठा होता. त्यांचं बळ दिल्लीत नव्हतंच, ते गावागावात होतं. लोकसभेत शेकडो सदस्य. त्यात गोंडांच्या जंगलावर बोलणारा अपक्ष एकटा. मागं पक्ष नाही, त्यामुळं बोलायची पाळी कधी येईल याचाही भरोसा नाही. आणि इकडं लोक वाट पाहत. आपल्या माणसाला दिल्लीला पाठवलं, आता गार्डाचा त्रास थांबेल, ही साधी आशा. ती पुरी होत नव्हती.

त्यात दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, निर्वासित येत होते. त्यांना वसवण्यासाठी केंद्र सरकारनं १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला. १९६४ च्या सुरुवातीला तिकडं दंगली झाल्या आणि लोंढे वाढले. रायपूरजवळच्या माना कॅम्पात माणसं मावेनात. मग बस्तर, कोरापूट आणि आपला चांदा, इथली जंगलं तोडून त्यांना जमीन द्यायचं ठरलं. शाह यांचं म्हणणं असं होतं की ज्या जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आदिवासीला एक बांधी काढायची परवानगी नाही, अतिक्रमण म्हणून त्याची झोपडी मोडते, तेच जंगल सरकार दुसऱ्यांसाठी सपाट करते, हा कुठला न्याय?

इथं मला माझंही एक मत सांगू द्या. मुलचेरा, चामोर्शीकडं जा, सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी बंगाली गावं आहेत. त्या लोकांनी हे जंगल मागितलं नव्हतं. घरदार जळून, माणसं गमावून आले, सरकारनं ट्रकात बसवलं आणि आणून सोडलं. धानाच्या शेतीत आणि मासोळीत त्यांच्याकडून आपण खूप शिकलो. म्हणून शाह यांचा राग त्या माणसांवर होता असं कोणी सांगत असेल तर मला ते पटत नाही. राग निर्णय घेणाऱ्यांवर होता. दोन्ही बाजूंनी गरीबच होते, आणि जमीन वाटणारा तिसराच होता.

१९६४ मध्ये लाल श्याम शाह यांनी लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. तेव्हा अध्यक्ष होते सरदार हुकम सिंग. त्या काळी सदस्यानं अध्यक्षांच्या नावे सही करून पत्र दिलं की जागा रिकामी झाली. राजीनामा खुशीचा आहे का, हे तपासून तो मंजूर करायची तरतूद राज्यघटनेत १९७४ ला आली. म्हणजे शाह यांच्या वेळी कोणी समजूत घालून पत्र लटकवून ठेवायचा मार्ग नव्हता. अजून जवळपास तीन वर्षांची मुदत उरली होती. ती सोडून ते पानाबरसला वापस आले.

हे बरोबर केलं का? मी यावर खूप विचार केला आणि सरळ कौतुक करायला माझं मन होत नाही. लाखो मतदारांनी पाठवलेला माणूस निघून आला, पोटनिवडणूक झाली, जागा भरली. कूप थांबले नाहीत. निर्वासितांच्या वसाहतीही झाल्या. त्यांच्या खुर्चीवर बसून कोणी गोंडांच्या जंगलासाठी जास्त जोरानं बोललं असंही झालं नाही. मग खुर्ची सोडून मिळवलं काय? आपल्यातला एखादा म्हणेल, बसून भांडायला पाहिजे होतं. माझंही बरेच दिवस तेच मत होतं.

ते मत बदललं वीस वर्षांनंतरच्या गोष्टीमुळं. इंद्रावतीवर भोपालपटनम आणि गोदावरीवर सिरोंचाच्या खाली इचमपल्ली, अशी दोन मोठी धरणं बांधायची योजना पुढं आली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्र, तिन्ही राज्यांचा त्यात हिस्सा. झाली असती तर इंद्रावतीकाठची गावं आणि साग-बांबूचं मोठं जंगल पाण्याखाली गेलं असतं. भामरागडची माणसं कुठं गेली असती, याचं उत्तर कोणाकडं नव्हतं. १९८४ च्या सुमारास जंगल बचाव मानव बचाव आंदोलन उभं राहिलं. हेमलकसा प्रकल्पामुळं बाबा आमटे या भागाला माहीत होतेच. अहेरीचे राजे विश्वेश्वरराव होते, जे १९७७ ला याच चंद्रपूरमधून खासदार झाले होते. आणि आदिवासींना हाक मारणारे लाल श्याम शाह.

तेव्हा ते कोणत्याच पदावर नव्हते. माजी खासदाराच्या मागं कोण जाते, हे आपण पाहतोच. पण त्यांच्या मागं लोक निघाले, गावं सोडून चालत निघाले. सरकारवर दबाव आला आणि १९८५ मध्ये योजना बाजूला पडली. ज्यानं आपल्यासाठी दिल्लीची खुर्ची फेकली तो आपल्याला विकणार नाही, एवढं लोकांना पक्कं माहीत होतं. असा भरोसा खासदार राहून त्यांना मिळाला असता का? मला नाही वाटत.

त्या आंदोलनात धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावचे लोकही होते. धरण तर थांबलं, पण लोक घरी येऊन गप बसले नाहीत. आपल्या जंगलाचं काय, यावर गावात बसून बोलणं सुरू झालं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्हाला माहीत आहेत. अभ्यासगट झाले, ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं निर्णय घ्यायची रीत पडली. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये मेंढ्याला जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क भेटला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. ज्या बांबूसाठी गार्ड आपल्या बापाला पकडत असे, त्याची पावती आता गाव फाडू लागलं. हे पाहायला शाह महाराज हयात नव्हते.

आणखी एक. २००९ लाच जुना मतदारसंघ तुटून गडचिरोली-चिमूर या नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक झाली. त्यामुळं चांद्याचे खासदार म्हटलं की नवीन पोरांना ते दुसऱ्याच जिल्ह्याचं वाटते.

काल मी ग्रुपवर शाह महाराजांचं नाव टाकलं. पोरानं पहिले विचारलं, कोणत्या पक्षाचे? अपक्ष म्हटलं. मग विचारलं, पानाबरस किती दूर आहे? मी त्याला नकाशा पाठवला. मुरुमगावला त्याच्या मामाचं घर आहे, तिथून सीमा लागूनच. दिवाळीत मामाकडं गेला की तिकडं जाऊन येतो म्हणाला. धान कापणीच्या आधी जमलं तर मीही जाईन.