सात मेगाहर्ट्झवरच्या उषाबेन

सेकंड इयरला असताना आमच्या वर्कशॉपमागच्या दोन कडुनिंबांच्या मध्ये एक लांब तार ताणली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर होस्टेलच्या कुणाचा तरी टॉवेल वाळत होता, ते सोडा. तार बांधणारे पाहुणे हॅम होते. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, निव्वळ हौसेखातर वायरलेस चालवणारा माणूस. १९९३ ला किल्लारीला आणि २००१ ला भुजला भूकंप झाला, टेलिफोन मुके झाले, तेव्हा ही हौशी मंडळी आपापले सेट आणि बॅटऱ्या घेऊन तिथे गेली आणि निरोप पोचवत बसली. पगार नाही की भत्ता नाही. पाहुण्यांनी सेट सात मेगाहर्ट्झच्या आसपास लावला आणि जळगावात बसून आम्ही पुण्याचा आवाज ऐकला.

पुढे लायब्ररीत चाळताना एक आकडा सापडला, ४२.३४ मीटर. १९४२ साली मुंबईतून गुपचूप चालणाऱ्या काँग्रेस रेडिओची ही तरंगलांबी. कॅल्क्युलेटर काढला. प्रकाशाचा वेग भागिले ४२.३४, उत्तर ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आजच्या हॅम लोकांच्या चाळीस मीटर बँडच्या बरोबर आत! अंगावर काटाच आला राव. आणि त्या रेडिओवरून बोलत होती बावीस वर्षांची एक मुलगी, उषा मेहता. आपल्या फायनल इयरच्या वयाची.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सारस गावचा. सुरत म्हणजे धुळ्याहून नवापूरमार्गे आपल्या शेजारचंच. वडील इंग्रजांच्या नोकरीत न्यायाधीश, त्यामुळे घरात चळवळीचं कौतुक नव्हतं. तरी आठव्या वर्षी ही पोरगी सायमन कमिशनविरुद्ध घोषणा देत फिरली. पुढे कुटुंब मुंबईला आलं. विल्सन कॉलेजातून १९३९ ला तत्त्वज्ञानाची पदवी, मग कायद्याचा अभ्यास. तो १९४२ च्या ऑगस्टमध्ये सुटला.

८ ऑगस्टला गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुढारी तुरुंगात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. कुठे काय चाललंय ते कुणालाच कळेना. उषाबेन आणि मित्रांना वाटलं, रेडिओ पाहिजे. वाटणं सोपं हो! १९३९ ला युद्ध सुरू होताच सरकारने हॅम मंडळींना आपले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला लावले होते. या मित्रांना पैसा, जागा, बातम्या सगळं जमवता आलं असतं, पण सोल्डरिंग कोण करणार? तिथे नरिमन प्रिंटर नावाचा हॅम कामाला आला. त्याने ट्रान्समीटर उभा केला. शिकागो रेडिओ कंपनीच्या नानक मोटवानींनी मदत केली, बाबूभाई खाकर यांनी व्यवस्था बघितली, आणि २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं. पुढे राममनोहर लोहिया आणि आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन मजकूर पुरवू लागले. हिंदुस्तानी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. आष्टी-चिमूरला काय अत्याचार झाले, ते छापायची पेपरांची छाती नव्हती. ते या रेडिओने सांगितलं.

या तरंगलांबीचा साधा डायपोल घेतला तरी एकवीस मीटर तार लागते. आमची तार टॉवेलवाल्यापासूनही लपली नव्हती. इथे तर दिशा हुडकणारी पोलिसांची गाडी मागावर होती. म्हणून दर काही दिवसांनी बिऱ्हाड हलवायचं, नव्या घरात सगळं पुन्हा जोडायचं. याच दिवसांत, ९ सप्टेंबरला, नंदुरबारला शिरीषकुमार गोळीला बळी पडला. तोही मेहताच, वय पंधरा. नंदुरबार तेव्हा धुळ्याच्या पश्चिम खानदेशात होतं. रेडिओ सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

१२ नोव्हेंबरला पोलिसांनी प्रिंटरला पकडलं आणि तो फुटला. पोलीस येणार याची उषाबेनना कल्पना आली होती. तरी त्या गिरगावातल्या पारेखवाडीत गेल्या आणि चंद्रकांत झवेरींसोबत त्या संध्याकाळचा कार्यक्रम लावला. वंदे मातरमची रेकॉर्ड चालू असताना दारावर थापा पडल्या. ती रेकॉर्ड त्यांनी संपू दिली.

मला प्रिंटरचं नाव इथे गाळता आलं असतं. गाळवत नाही. तो आपल्या लायनीतला माणूस, सर्किट त्यालाच कळत होतं, आणि पुढे कोर्टात सरकारच्या बाजूने साक्षही त्यानेच दिली. ज्या मुलीला सर्किट कळत नव्हतं तिच्याकडून मात्र सहा महिन्यांच्या चौकशीत पोलिसांना एक नाव मिळालं नाही. परदेशी शिकायला पाठवू, असं आमिषही दाखवून झालं. कोर्टात त्यांनी न्यायाधीशांना विचारलं, की उत्तर देणं सक्तीचं आहे का? नाही म्हटल्यावर त्या एकाही प्रश्नाला बोलल्या नाहीत. आमची वायवाला दोन मिनिटांत ततपप होते, आणि तिथे तर समोर शिक्षा दिसत होती. ती चार वर्षांची झाली. येरवड्याला तब्येत खालावली ती कायमची.

१९४६ ला सुटका झाली. नंतर त्यांनी गांधीविचारांवर पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजात आणि मुंबई विद्यापीठात शिकवलं, खादी सोडली नाही, लग्न केलं नाही. १९९८ ला पद्मविभूषण मिळालं. दोन वर्षांनी, २००० च्या ९ ऑगस्टला, अंगात ताप असताना त्या क्रांतिदिनासाठी ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या. पूर्वीचं गवालिया टँक ते हेच. थकून घरी आल्या आणि ११ तारखेला गेल्या.