खत देणारे लीबिग आणि त्यांची चूक

अलीकडे आपल्या पुष्कळ घरांतून मुले काचेच्या पेटीत मासे पाळतात आणि माशांबरोबर पाण्यातली झाडेही लावतात. दोन-तीन आठवडे जातात, पाने पिवळी पडू लागतात. मग दुकानातून खताची बाटली येते आणि घाईघाईने पाण्यात ओतली जाते. झाडे होती तशीच राहतात, पाणी मात्र हिरवे होते, आणि मुले हिरमुसतात. अशा वेळी आम्हांला एका थोर पुरुषाची आठवण होते. खताचे शास्त्र ज्यांनी जगाला शिकविले, त्यांचे स्वतःचे पहिले खतच साफ फसले होते. ते म्हणजे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग.

लीबिग यांचा जन्म 12 मे 1803 रोजी डार्मश्टाट येथे झाला. वडील रंग आणि रसायने विकत. शाळेच्या अभ्यासात मुलाचे मन रमेना. वडिलांच्या कामाच्या जागी बसून प्रयोग करण्यातच त्याला गोडी. ते तेरा वर्षांचे असताना, 1816 साली, युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली आणि गोरगरिबांचे हाल झाले. जमिनीने पीक का द्यावे आणि का न द्यावे, हाच पुढे त्यांच्या कामाचा मोठा प्रश्न झाला.

औषधे बनविणाऱ्याकडे त्यांनी थोडे दिवस उमेदवारी केली. नंतर बॉन व एर्लांगेन येथे शिक्षण झाले. पुढे पॅरिसमध्ये गे-लुसाक यांच्या हाताखाली काम करण्याची संधी मिळाली. 1824 साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथील प्रयोगशाळेत विद्यार्थी नुसते ऐकत बसत नसत, स्वतःच्या हाताने प्रयोग करीत. देशोदेशींचे तरुण तेथे शिकून गेले. आम्हा शिक्षकांना तर त्यांचे हे काम फार मोलाचे वाटते.

1840 साली त्यांनी शेतीच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. झाडे कुजलेल्या पाल्यावरच जगतात, अशी तेव्हा समजूत होती. लीबिग यांनी दाखविले की झाड कार्बन हवेतून घेते आणि पालाश, स्फुरद, चुना ही द्रव्ये जमिनीतून घेते. यांतले जे द्रव्य सर्वांत कमी, त्याच्यावरच वाढ अडते. बाकीची कितीही घाला, उपयोग नाही. हा नियम कार्ल श्प्रेंगेल यांनी आधी मांडला होता, पण जगभर पोहोचविला तो लीबिग यांनी.

1845 साली त्यांनी स्वतःचे खत इंग्लंडमध्ये विक्रीस आणले. पावसाने ते वाहून जाईल या भीतीने त्यांनी ते वितळवून असे घट्ट केले की पाण्यात विरघळेचना. शिवाय नत्र झाडाला हवेतून पुरेसे मिळते असे मानून खतात ते जवळजवळ घातलेच नाही. पिकांना लाभ झाला नाही. 1850 साली टॉमस वे यांनी सिद्ध केले की माती स्वतःच अमोनिया व पालाश धरून ठेवते. म्हणजे लीबिग यांची भीतीच खोटी होती! ते स्वभावाने तापट व वादप्रिय. नत्राच्या बाबतीत त्यांनी बरीच वर्षे भांडण चालविले. पण खत घट्ट करण्यातली आपली चूक त्यांनी 1862 च्या आवृत्तीत मोकळेपणाने कबूल केली. 18 एप्रिल 1873 रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

आता आपल्या पेटीकडे वळू. शेतातली माती अन्न धरून ठेवते. पेटीतल्या धुतलेल्या रेतीत ते सामर्थ्य फारसे नसते. म्हणून मुळांनी भरपूर अन्न घेणाऱ्या झाडांजवळ रेतीत खताची गोळी पुरावी. तरंगणारी झाडे पाण्यातूनच अन्न घेतात, त्यांना पातळ खत द्यावे. पेटीत खतमाती घातली असेल, तर सुरुवातीला वरून खताची सहसा गरज नसते.

नव्या झाडाला मूळ धरण्यास वेळ लागतो. दुकानातली पुष्कळ रोपे पाण्याबाहेर वाढविलेली असतात, त्यामुळे त्यांची जुनी पाने झडणे साहजिक आहे. ती काही उपासमार नव्हे. पहिले काही आठवडे बाटलीवरच्या मापाच्या अर्ध्याहूनही कमी खत द्यावे आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे. झाडांनी न घेतलेले अन्न शेवाळ खाते. मग नव्या वाढीकडे लक्ष ठेवावे. नवे पान पिवळे पण शिरा हिरव्या, तर बहुधा लोह कमी. जुन्या पानांना भोके पडली, तर पालाश कमी. जुनी पाने सगळीच पिवळी होत गेली, तर नत्र कमी. आणि प्रकाशच कमी असेल, तर कोणतेही खत कामाला येणार नाही.

मुलांना बाटली देण्याआधी झाडाला काय कमी पडले ते शोधायला शिकवू या. आणि अंदाज चुकला तर चुकला म्हणायचे धैर्यही त्यांना देऊ या. एवढ्या मोठ्या लीबिगना ते करावे लागले, मग आपल्या मुलांना त्यात कमीपणा कसला?