तबलानवाज अहमदजान थिरकवा

दिंडीत मृदंग वाजवणारा एखादा पोरगा संगीत विद्यालयात प्रवेशासाठी हात दाखवायला निघाला, की त्याची पहिली धडपड असते ती लय वाढवण्याची. परीक्षक थक्क झाले पाहिजेत ना! अशा पोराला खाँसाहेब अहमदजान थिरकवा यांची हकिकत सांगावीशी वाटते.

खाँसाहेबांचा जन्म १८९२ च्या सुमारास मुरादाबादेस झाला. घर वादकांचेच. आरंभी गाणे झाले, सारंगी झाली. पण उस्ताद मुनीर खाँ यांचा तबला कानी पडला नि पोराचे मन तिथेच गुंतले. मुनीर खाँ म्हणजे अनेक उस्तादांच्या दारी फिरून विद्या गोळा केलेला माणूस. अहमदजान त्यांचे शागीर्द झाले. पोराची बोटे तबल्यावर थिरकतात असे मुनीर खाँच्या वडिलांनी पाहिले आणि त्यावरून थिरकवा हे नाव पडले, असे सांगतात. मूळ नाव मागे राहिले, हेच चिकटले.

त्या काळी प्रवेशाची परीक्षा एका दिवसात उरकत नसे. गुरूसमोर रोज बसायचे, आणि रोजच परीक्षा! एकच कायदा घ्यायचा, बरोबरीच्या लयीत ठेवायचा, त्याचे पलटे करायचे, आणि एकही बोल पुसट होऊ द्यायचा नाही. मृदंगावरचा आपला हात असतो पंजाचा, मोकळा. तबल्याला बोटे लागतात. तेव्हा दिंडीतल्या पोराने हे आधीच ओळखून बोटांवर मेहनत घ्यावी. लय काय, मागाहून येते.

खाँसाहेब पुढे गंधर्व नाटक मंडळीत आले. ज्या बालगंधर्वांचे ‘कान्होपात्रे’तले अभंग आपण अजून ऐकतो, त्यांच्याच मंडळीत. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा. एकट्याने वाजवायला बसले तर मैफल जिंकणारा हा माणूस, पण इथे गाण्याच्या मागे बसायचे, पदाला ठेका द्यायचा नि आपली विद्या मुठीत ठेवायची. कीर्तनात बुवांच्या मागे उभ्या राहणाऱ्या मृदंग्याला यातली अडचण वेगळी सांगायला नको. हात शिवशिवतो, पण चरण बुवांचा असतो!

नंतर रामपूरच्या नबाबांकडे चाकरी झाली. त्यानंतर लखनौस, भातखंड्यांच्या प्रयत्नातून १९२६ साली निघालेल्या संगीत विद्यालयात ते शिकवू लागले. शिकले गुरूच्या घरी, शिकवले वर्गात. जुन्या विद्येला नवी शाळा मानवेल का, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडे. खाँसाहेब मात्र वर्गात जाऊन बसले.

त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका मिळतात. विद्यार्थ्याने त्यातला पेशकार जरूर ऐकावा. घाई कुठेच नाही. बायाँ घुमतो, चाटेवरचा ‘ना’ स्वच्छ उमटतो, आणि समेवर येताना धाप लागलेली नसते.

१९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौस त्यांचा देह पडला. लालजी गोखले, भाई गायतोंडे, निखिल घोष हे त्यांचे शिष्य. त्यांपैकी निखिल घोषांनी १९५६ साली मुंबईत संगीत महाभारती ही शाळा काढली होती.